भारंगीला दिलेलं आवतण

मी घर सोडलं त्या सकाळी आई मला निरोप द्यायला फाट्यापर्यंत आलीच नाही. पलीकडच्या वाडीतला एक गडी झाडावरून पडला होता आणि चौघांनी त्याला घोंगडीत घालून आमच्या अंगणात आणून ठेवला होता. आई, वाडीची वैदीन, त्याच्या हाताचं हाड चाचपत बसली होती. मी पत्र्याची पेटी घेऊन उभी. पाया पडायला वाकले तर म्हणाली, "पाय नको शिवू, हातात आजारी माणूस हाय." मग त्याचा दंड घट्ट धरून, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जा. येळच्या येळी जेव. आन यष्टीत मागं बसू नको, उलटी व्हती तुला." तेवढ्यात हाड जागेवर बसलं, तो गडी ओरडला आणि माझ्या रडण्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. माझी पेटी उचलून धाकटा भाऊ किसन फाट्यापर्यंत आला.

ही पासष्ट-सहासष्टच्या सुमाराची गोष्ट. आमची वाडी खेडच्या पश्चिमेला, वर डोंगरात. आम्ही महादेव कोळी. आश्रमशाळेतून मी सातवी पास झाले, गुरुजींनी पुण्यातल्या नर्सच्या कोर्सचा फॉर्म भरून दिला, आणि कोर्स संपल्यावर मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात पांढरी साडी नेसून उभी राहिले. हे मी वाडीतल्या माणसांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखे जे डोंगर उतरून खाली आले त्यांच्यासाठीही. वरचे म्हणतात, ही शहराची झाली. खालचे म्हणतात, ही अजून डोंगरातलीच आहे. दोन्ही मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता जरा माझं ऐका.

लग्न झालं ते आमच्याच भागातल्या यशवंतशी. तो दुसऱ्या एका कंपनीत फिटर. आम्ही दिघीत खोली घेतली. एका बाजूला लष्कराची मोकळी जमीन, दुसऱ्या बाजूला ज्वारी, आणि सकाळच्या शिफ्टचा भोंगा भोसरीहून ऐकू येई. घरमालकीण काशीबाई गावच्या जुन्या घरातल्या, मनाने मोकळ्या, पण तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमी कोळी म्हंजे मासं धरता का?" मी म्हटलं, आम्ही डोंगरातले कोळी. "डोंगरात मासं कुठनं येत्यात?" मी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी यशवंतला गाठून तेच विचारलं, तेव्हा मी हात टेकले. त्या आळीत आम्ही पुढची कितीतरी वर्षं मासेवाले म्हणूनच ओळखले गेलो, आणि घरात एकदाही मासे शिजले नव्हते.

दवाखान्यात वेगळाच ताप. प्रेसवर बोटं चेमटलेली पोरं यायची, ओव्हरटाइम करून पाठ धरलेली माणसं यायची. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कितीतरी होती. गोळ्या दिल्या की दोन खाऊन उरलेल्या खिशात ठेवून द्यायची. यशवंतने कधीतरी कुणापाशी माझ्या आईच्या झाडपाल्याच्या औषधांबद्दल सांगितलं असावं. कारण एके दिवशी एक जण गोळ्यांची पुडी परत टेबलावर ठेवून म्हणाला, "सिस्टर, हे राहू द्या. तुमच्या आईकडची मुळी आणा ना." झालं. त्या दिवसापासून मुतखडा, मूळव्याध, दारू सोडवायचं औषध, सगळ्याची विचारणा माझ्याकडे. एक सुपरवायझर, चांगला बी. एस्सी. झालेला माणूस, दार लोटून हळूच विचारू लागला की मुलगाच व्हायचं काही असतं का तुमच्यात. मला मुळ्यांमधलं काही कळत नाही असं सांगितलं, तर म्हणाला, "नसेल सांगायचं तर राहू द्या, पण आम्हाला परकं समजू नका."

बरं, रजेवर वर गेले की उलटंच. ओसरीवर बायका जमायच्या आणि मला दंड दाखवायच्या. त्यांना सुई हवी असायची. लाल औषधाची सुई. ताकदीची म्हणून कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आई आत चुलीवर कुणासाठी तरी काढा उकळत असायची आणि त्याच बाया तिच्यासमोर माझ्याकडे सुई मागायच्या. आई फक्त भांडं जरा जास्तच आपटायची. खाली मुळी, वर सुई. माणसाला आपल्याकडे आहे त्यावर भरवसाच ठेवायचा नसेल तर कुणी काय करावं, सांगा.

दुष्काळानंतर वाडीत संस्था आली. पुण्याची शिकलेली मंडळी, जीप, सतरंज्या, बैठका. त्यांच्यातला मुख्य म्हणजे शेखरदादा, दाढीवाला, मनाने अगदी सोन्यासारखा. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. त्यांनी विहिरीला सुरुंग लावून पाणी काढलं, बांध घातले, किसनला जीप चालवायला शिकवलं. चांगलीच कामं केली. पण एकदा त्यांना आईच्या औषधांचा शोध लागला आणि माझ्या जिवाला नवा घोर लागला. दर महिन्या-दीड महिन्याने शेखरदादा दिघीला हजर. "ताई, हे ज्ञान तुमच्या पिढीबरोबर संपता कामा नये." मी नाईटहून आलेली, डोळे मिटत असायचे, आणि हा समोर बसून मला सांगायचा की मूळ गावाकडे लोकांनी परत वळलं पाहिजे. स्वतः तो डेक्कनला वाढलेला. मी एकदा म्हटलंच, तुम्ही वर जा, मी खाली थांबते, हिशेब बरोबर होतो. तर हसला आणि तेही वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी ठरवलं, औषधाच्या बाटल्या भरायच्या. सहा कार्यकर्ते विळे, कुदळी आणि पोती घेऊन आईच्या दारात उभे. लेबलं छापून आणलेली. नेमकी मी तेव्हा रजेवर होते म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. आईने विचारलं, "कोन आजारी हाय?"

"अजून कुणी नाही, मावशी. पुढे होतील त्यांच्यासाठी."

"मग झाडाला नाव कुनाचं सांगू?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात औषधाचं झाड कुणी उगाच उपटत नाही. आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, तांदूळ आणि हळद-कुंकू घेऊन झाडापाशी जायचं. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. अमक्याला असं असं दुखतंय, त्याच्यासाठी उद्या तुला न्यायला येते, तू ये, असं सांगायचं. त्याला आवतण देणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाशी अवाक्षर न बोलता जाऊन मूळ काढायचं. आवतण न देता काढलेलं मूळ म्हणजे नुसतं लाकूड, असं आई म्हणायची. शेखरदादाने हे सगळं भारावून ऐकलं, लिहून घेतलं आणि मग विचारलं की एकाचंच नाव कशाला, समस्त ग्रामस्थ असं सांगितलं तर चालेल का.

आई म्हणाली, "समस्त ग्रामस्थाला खोकला झालाय व्हय?"

शेवटी तिला न विचारताच बाटल्या भरल्या. संस्थेच्या खोलीत फळीवर ओळीने मांडल्या. आजारी माणसं त्या फळीसमोरून चालत जाऊन आईच्या ओसरीवर बसायची. शेखरदादा हिरमुसला, आई फुगली, आणि दोघांनीही समजूत घालायला मला बोलावलं. चाकणमार्गे एस.टी.च्या धक्क्यांत हाडं खिळखिळी करून घेत मी त्या वर्षात कितीदा वर-खाली केलं ते माझं मला माहीत.

याच सगळ्यात आईला खोकला सुरू झाला.

आधी पावसाळ्यातला वाटला. पण पाऊस गेला, थंडी गेली, खोकला राहिला. गालाची हाडं वर आली. संध्याकाळी अंगात कणकण. संस्थेच्या कार्यक्रमात तिला खुर्चीवर बसवून नारळ देत होते आणि ती पदरात तोंड घालून खोकत होती. मी नर्स. मला एवढं कळायला छातीचा फोटो लागत नव्हता. तरी फोटो काढायलाच हवा होता, थुंकी तपासायला हवी होती, आणि वेळेत औषध सुरू झालं तर बाई वाचणार होती. मी तिला खाली यायला सांगितलं. पुन्हा सांगितलं. रागावले, रडले, यशवंतला पाठवलं, किसनला जीप दारात आणायला लावली. ती जीपमध्ये बसायची नाही.

"वैदीन दवाखान्यात गेली तर उद्या माज्या हातचं कोन घेईल?"

तिचं चूक नव्हतं, हाच तर संताप. पावसात चार महिने वाट बंद, डॉक्टर खाली दिवसभराच्या अंतरावर. बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर वाडीला आईशिवाय कुणी नाही. तिच्यावरचा विश्वास उडाला की लोक रुग्णाला झोळीत घालून खाली निघणार आणि झोळी वाटेतच खाली ठेवावी लागणार. हे मलाही दिसत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती वाळत होती. मी म्हटलं, मग निदान तुझंच खोकल्याचं औषध घे, भारंगीची मुळी उकळून पी. तर म्हणाली, "आपल्या औषधाला आपून आवतन द्येयाचं नसतं. दुसऱ्यानं नाव सांगाया पायजे." मी म्हटलं, किसनला पाठव. "किसनला भारंगी आन घाणेरी यातला फरक कळत न्हाई." हे बोलून ती माझ्याकडे बघू लागली. हे कुणासाठी होतं ते मला कळलं, आणि मी दोन वर्षं कळलं नाही असं दाखवत राहिले. चार भिंतींच्या दवाखान्यात सुई उकळून घेणारी मी, झाडाशी बोलायला जाऊ? कुणी ऐकलं तर?

शेवटी त्या दिवाळीला गेले. आईला उभं राहताना भिंत धरावी लागत होती. माझा सगळा शहाणपणा गळून पडला. संध्याकाळी तांदूळ, हळद-कुंकू घेतलं. आईने खुणा सांगितल्या, ओढ्यापलीकडचा चढ, जांभळाच्या खाली, पाहून ओळखशील. भारंगी मला ओळखू आली. लहानपणी तिच्या पाल्याची भाजी किती खाल्ली होती. उन्हाकडे तोंड करून उभी राहिले म्हणजे सावली मागे पडेल. पण बोलायचं काय ते सुचेना. कुणाशी बोलायला तोंड उघडलं की मला दवाखान्यातल्या रजिस्टरसारखंच बोलता येतं. नाव, वय, राहणार. तसंच सांगून टाकलं आणि पळत घरी आले.

आई चुलीपाशी बसली होती. "काय बोललीस ते सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. मी तुमची सावित्रा, मुक्काम दिघी, माझी आई हौसाबाई, तिची छाती भरलीय, तिच्यासाठी उद्या न्यायला येते.

"मुक्काम दिघी म्हनलीस?"

"तोंडातून निघून गेलं. रोज लिहिते ना."

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "मग ते आता दिघीला जाणार. तू जिथली म्हनून बोलावलंस तिथंच त्ये लागू पडंल. हितं उकळून उपेग न्हाई."

मला रडावं की हसावं कळेना. दोन वर्षं मी हातापाया पडले, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, भावाला आणि नवऱ्याला मधे घातलं. आणि ही बाई खाली यायला निघाली ती माझी चूक झाली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी मूळ काढून आणेपर्यंत तिने वाडीभर सांगून टाकलं होतं. "औषध लेकीच्या घरी चाललंय. मला त्याच्या मागं जावं लागतंय." कुणी काही शंका काढली नाही. उलट दोघी-तिघींनी मला दम दिला की पुन्हा आवतण देताना तोंड सांभाळून बोल. जीपमध्ये बसताना आई अगदी ताठ होती. भारंगीचं मूळ मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं.

दिघीत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. फोटो काढला. टीबीच होता. रोजचं इंजेक्शन मी स्वतः द्यायची, गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावायची, तिची ताट-वाटी वेगळी उकळायची. आणि ती? तिचा काढा रॉकेलच्या स्टोव्हवर चालत नव्हता. काशीबाईंच्या परड्यातली चूल लागायची. सकाळी काढा पिऊन झाला की दंड पुढे करायची आणि म्हणायची, "ह्ये माजं झालं. आता तुजं घाल." एकदाही तिने इंजेक्शनला नको म्हटलं नाही. वर दोन वर्षं जिने जीपला पाय लावला नाही ती खाली सुईच्या वेळेआधी बाही वर करून बसायची. मी दमलेली, चिडलेली, त्यातलं काही माझ्या लक्षात आलं नाही.

काशीबाई चुलीपाशी तिच्या शेजारी बसू लागल्या. मासे धरता का हा प्रश्न त्यांनी आईलाही विचारला. आई म्हणाली, "पाऊस पडल्यावर वढ्यात धरतो," आणि दोघी हसल्या, विषय संपला. मला जे इतकी वर्षं जमलं नव्हतं ते तिने एका वाक्यात मिटवलं. पुढे आळीतल्या बायका पोटदुखी, पाठदुखी घेऊन येऊ लागल्या. मी ओरडायची, ही स्वतः आजारी आहे, हिच्याजवळ पोरं आणू नका. ऐकतंय कोण. आई त्यांना दुरूनच बसवायची, दुखणं ऐकायची आणि निम्म्यांना सांगायची, "ह्ये माज्या हातचं न्हाई. माज्या लेकीच्या दवाखान्यात जा." दीड वर्षाने फोटो स्वच्छ आला. ती वाडीवर परतली तेव्हा अंगावर मांस चढलं होतं आणि पावसात वाट बंद व्हायच्या आधी पोहोचायची तिला घाई होती.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. पण गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात धोंडाबाई भेटल्या. पलीकडच्या वाडीच्या, आईच्या बरोबरीच्या, त्याही मुळ्या देणाऱ्या. मी गमतीने त्यांना माझी चूक सांगितली, दिघी म्हटल्यावर कसं औषध दिघीला निघालं ते.

धोंडाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "गाव कोन सांगतं गं झाडाला? आजाऱ्याचं नाव सांगितलं की झालं."

"पण आई म्हणाली की..."

"आन तुला कशाला जावं लागलं? तिच्या नावानं भारंगी मीच काढीत हुते की. दोन वरसं. पेली, पेली, गुण येईना. मी म्हनले, हौसा, आता लेकीकडं जा, ह्ये आपल्या हातचं न्हाई. तर म्हनली, व्हय, पर जाऊ कशी? मानसांना काय सांगू?"

त्यानंतर लग्नात मी काय जेवले ते आठवत नाही. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आपलं मूळ लागू पडत नाही हे माझ्या आधी कळलं होतं. जायचंही होतं. दोन वर्षं ती फक्त वाडीचा विश्वास न मोडता खाली उतरायला वाट शोधत होती, आणि मी तिला अडाणी समजून रागावत होते. मला खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी कुणापाशी बोलले नसते. पण नाही. लेकीला चूक केल्याचं ओझं वाहायला लावलं आणि स्वतः ताठ मानेने जीपमध्ये बसली. मला इतका राग आला की दुसऱ्याच दिवशी मी दिघीला न जाता वरची एस.टी. धरली. काय काय बोलायचं ते सगळं चढावर घोकत गेले.

आई अंगणात कुणाच्या तरी पोराचा घसा बघत होती. "आलीस? पानी पी," म्हणाली. मी पाणी प्यायले. ती पुढे म्हणाली, "गुडगा धरलाय माजा. सांजच्याला तेवढं आवतन दिऊन ये." आणि पोराला पुन्हा आ करायला लावलं.

मी सगळं घोकलेलं तसंच गिळलं. तुम्ही वरचे आणि खालचे दोघेही मला विचारता की बाई, तुझं घर नेमकं कुठलं. इतकी वर्षं मी दिघी लिहीत आले, रेशनकार्डावर, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर, आणि दर वेळी खोटं लिहिल्यासारखं वाटायचं. आई तिथे दीड वर्ष राहून गेली, काशीबाईंच्या चुलीवर काढा उकळून गेली, त्यानंतर तसं वाटलेलं नाही. ते घर माझं आहे. मी हे तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण मला अजून राग आहे.

संध्याकाळी तांदूळ घेऊन गेले. सावली मागे टाकून उभी राहिले. आईचं नाव सांगितलं, गुडघा सांगितला, आणि झाडाला काही गरज नसताना मुक्काम दिघी म्हणूनही सांगितलं. परत आले तर आईने आपलं गाठोडं बांधून उंबऱ्याशी ठेवलं होतं. मी काय बोलले ते तिने या वेळी विचारलंसुद्धा नाही.